अंगठ्याखालचा ढग

बद्रीनाथ मंडपवाल्यानं जल्मात समुद्र बघितला न्हाई. जालन्याकून कुन्या बी अंगाला निघा, आधी कपाशी लागती, मंग मोसंबी लागती, मंग टोलनाका लागतो, समुद्र काय लागत न्हाई. पन मछलीपट्टन, विशाखापट्टन, पारादीप ही गावं त्याच्या तोंडात अशी बसली व्हती का ऐकनाऱ्याला वाटावं, ह्याच्या तिघी बहिनी तिकडंच दिल्यात. तिकडं वारं किती सुटलं, लाट किती उठली, मासे धरनाऱ्यांनी नावा कव्हा बांधल्या, सगळं तोंडपाठ. आन आपल्या गल्लीत नळ कव्हा येनार असं इचारलं का डोकं खाजवायचा आन म्हनायचा, "ते सत्यशीलाला इचारा."

सत्यशीला म्हन्जी त्याची बायको.

गाव अंबडच्या अलीकडं, रोडपासून जरासं आत. तिथं बद्रीनाथचं मंडपाचं दुकान. दुकान कसलं, घराम्होरची पडवी; तिच्यात बांबू, पाईप, दोऱ्या, ताडपत्र्या, लाल-पिवळं कापड, आन लग्नातले ते मोठाले पंखे, चालू झाले का म्हाताऱ्या मानसाची टोपी जाग्यावर राहत न्हाई असले. मानूस पन्नाशीच्या पुढचा, उंच, दोरीवानीच पिळलेला. हाताला अशी सवय का बोलता बोलता तुमच्या उपरण्याला गाठ मारून देईल आन त्याला सोताला पत्ता नसंल. लगन असू द्या, बारसं असू द्या, तेरवं असू द्या, सगळ्यात आधी बद्रीनाथचा बांबू उभा.

असल्या गुणी मानसाला आभाळाचं खूळ लागलं ते एका लग्नात. अक्षता वाटून झाल्या व्हत्या, भटजीनं सावधान म्हनायला तोंड उघडलं आन वारं आलं. पाईपासगट मंडप उचलला. त्याच्या गाठी न्हाई सुटल्या बरं का, एक बी न्हाई; जमिनीतल्या खुट्याच उपटून आल्या. छताचं कापड जाऊन बसलं लिंबाच्या शेंड्यावर, आन नवरदेवाच्या मामाचा फेटा गेला तो गेलाच. कुनाला लागलं न्हाई, लगन उन्हात लागलं, जेवनं बी झाली. पन लोकं सोडतात व्हय? "काय बद्री, मंडप लावला व्हता का पतंग?" टपरीवर तेच, पारावर तेच. वरीसभर त्याला पतंगवाला म्हनत व्हते.

फाटकं कापड घेऊन तो गेला जुन्या जालन्याला, मुबारकभाईच्या दुकानी. मुबारकभाईचं मंडपाच्या कापडाचं ठोक दुकान. त्या गल्लीत एक आटो शिरला का समोरच्या मोटरसायकलीला उलटं जावं लागतं, आन तिथं गादीवर बसून हा मानूस साऱ्या दुनियेचं वारं बघायचा. त्यानं फाटकं कापड दोन बोटांत धरलं, चुरगाळलं, उजेडात बघितलं.

"बद्रीभाऊ, कपडा मजबूत है. कपड्याची काय गलती न्हाई. तुमी वर बघितलंच न्हाई."

"वर काय बघू? वर तर छत व्हतं."

"मंग हितं बघा." मुबारकभाईनं मोबाइल काढला. त्याच्यात नकाशा, आन नकाशावर हिरवे, पिवळे, लाल डाग सरकून राह्यलेले. "ह्याला म्हनतात रडार. हिरवं म्हन्जी भुरभुर. पिवळं म्हन्जी सर. लाल म्हन्जी शटर गिराओ, घर जाओ."

तसं बघाया गेलं तर वारं सुटल्यावर मंडप फाटनार, आन मंडप फाटल्यावर मुबारकभाईचंच कापड खपनार. पन हा पठ्ठ्या वारं सुटायच्या आधीच गिऱ्हाइकाला फोन लावायचा, "भाऊ, आज मत बांधो." त्याचा पोरगा अदनान कपाळाला हात लावायचा. "अब्बा, दुकान चला रहे के खैरात बाँट रहे?"

झालं. बद्रीनाथ कापड आनायला गेल्ता, खूळ घेऊन आला. मुबारकभाईनं एक ग्रुप केल्ता, नाव "आभाळावर नजर". त्याच्यात अंबडच्या कोर्टाबाहेर टायपिंग करनारा एक, जांब समर्थला देवळापाशी नारळ इकनारा एक, आन असलेच आनिक. समुद्र त्यातल्या एकानं बी बघितला नव्हता. पन तिकडं समुद्रात वादळ उठलं का हिकडं ग्रुपवर अशी धांदल जशी घरच्या मांडवात वरात आली. "वादळाचा डोळा तयार झाला का?" "डोळा साफ दिसून राह्यला." "टायपिंगवाले, तुमचं काय म्हननं, डावीकडं वळंल का?" जांबचा नारळवाला अंदाजाच्या शेवटी देवाचं नाव टाकायचा, म्हन्जी अंदाज चुकला तरी कुनी बोलू नये.

आन ह्या सगळ्यांत बद्रीनाथचा मान मोठा. एकदा एक वादळ सगळे म्हनले आंध्रात घुसनार, बद्रीनाथ एकलाच म्हनला बंगालला जानार, आन ते खरंच बंगालला गेलं. बंगालच्या लोकांचं काय झालं ते देव जानो, पन ग्रुपवर बद्रीनाथला इतके हात जोडले का मोबाइल भरून गेला. तव्हापसून कुठं काय हाललं का लोकं म्हनायचे, बद्रीभाऊचं येऊ द्या आधी.

फकस्त घरात कुनी इचारत नव्हतं. सत्यशीला सकाळी दारात यायची, लिंबाकडं बघायची, लुगडी वाळत घालायची न्हाईतर उचलायची. हा मानूस तिथंच वट्ट्यावर मोबाइल घेऊन बसलेला, पन त्याला एका शब्दानं इचारायची न्हाई. त्यानं एकदोनदा आपल्याआपन सांगून बघितलं, "आज दुपारून ढग हाय." ती म्हनली, "बरं," आन मिरच्या वाळत घातल्या. मिरच्या वाळल्या बी. बद्रीनाथला हे लई लागायचं. मछलीपट्टनचं सांगितलेलं मानतात, आन सोताच्या स्लॅबवरच्या मिरच्या मानत न्हाईत.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिकमासात लगनं न्हाईत, म्हनून मंडप सगळे घडी करून पडवीत, आन मंडपवाला वट्ट्यावर. त्याला काम न्हाई, आन तिकडं समुद्रात वादळ उठलेलं. म्हन्जी सोन्याहून पिवळं. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी वादळाचं तोंड बघायचा.

सत्यशीलाला मातर घोर लागला व्हता तो कुरडयांचा. लेक आकांक्षा मागच्या साली परतूरला दिली. जावयाला आता धोंडे खायला बोलावलेलं, संग विहीनबाई बी येनार. विहीनबाई म्हन्जी गोड बोलून साल काढनारी बाई. मागच्या साली लेकीसंग कुरडया धाडल्या त्या ढगाळात वाळलेल्या, जराशा तांबूस झाल्त्या. विहीनबाईनं चार बायांत एक कुरडई उचलून धरली आन म्हनली, "तुमच्याकडं गव्हाच्या करतात का ज्वारीच्या?" बाया हसल्या. आकांक्षा हसली न्हाई, ती मोरीत जाऊन भांडी घासत बसली, आन हे तिनं आईला फोनवर सांगितलं. तव्हापसून सत्यशीलाच्या घशात ती कुरडई अडकलेली. यंदा विहीनबाईच्या ताटात अशी पांढरी कुरडई पडली पाहिजे का बाईनं तोंड मिटावं.

आता कुरडईचं काम काय एकटीचं न्हाई. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पानी बदलायचं, मंग वाटायचे, गाळायचे, रातभर चीक निवळू द्यायचा, आन सकाळी तो चुलीवर हाटायचा. हाटायला दोन बाया पाहिजेत, सोऱ्या दाबायला दोन, स्लॅबवर पसरायला चार. म्हनून गल्लीत सावड असती. आज हिच्या घरी सगळ्या, उद्या तिच्या घरी सगळ्या. बाकी साऱ्यांच्या चैतातच झाल्त्या. लगनसराईत सत्यशीलाला उसंत नव्हती, झालरी शिवायच्या, मंडपाच्या मानसांना भाकरी घालायच्या. राह्यल्या दोघीच: ती, आन शेजारची द्वारकाबाई. द्वारकाबाईचं गुडघं दुखत व्हतं, म्हनून तिनं बी लांबवल्त्या. पुढं बाया रानात जानार, कपाशीच्या पऱ्हाट्या वेचायला. म्हन्जी दोनच पाळ्या उरल्त्या.

आन कुरडईत एक फास असतो. ऊन लागतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी, पन गहू भिजवायचे आज. एकदा गव्हावर पानी पडलं का मागं फिरता येत न्हाई. ऊन न्हाई पडलं तर चीक आंबला.

म्हनून एका सकाळी सत्यशीला दारात आली, लिंबाकडं बघितलं, तुळशीकडं बघितलं, आन पदराला हात पुसत वट्ट्यापाशी उभी राह्यली.

"अहो, ऐकलं का?"

"हं."

"गहू भिजवू का?"

बद्रीनाथला आधी कळंना का हे कुनाला इचारून राह्यली. त्यानं मागं वळून बघितलं, मागं कुनी नव्हतं. मंग त्यानं मोबाइल खाली ठेवला, पुन्हा वर घेतला, ताठ बसला.

"बघून सांगतो," म्हनला. आवाज असा काढला जसा कोर्टात.

दिवसभर त्याला भाकर गोड लागली न्हाई. पारादीपवाल्यांचं काय, ते काय त्याला वळखत न्हाईत. हितं चुकलं तर रोज तोंड बघायचं. त्यानं मुबारकभाईला फोन लावला.

"मुबारकभाई, कुरडयाचं हाय."

"क्या बात करते! वादळाचं बोला ना. बीच समंदर में बैठा है, हिलतच न्हाई."

"तेच म्हनून राह्यलो. वळनार कुठं? आंध्रातून आत घुसलं तर तेलंगना, आन मंग आपनच."

"देखो भाऊ, टायपिंगवाला म्हनतो घुसनार. मला बी वाटतं घुसनार. पन भाभी ने पूछा है? पहली बार?" मुबारकभाईनं आवाज उतरवला. "मंग संभाल के. हमारी घरवाली हसीनानं मला अचाराच्या कैऱ्यांचं एकदा इचारल्तं. मी म्हनलो धूप आएगी. दस साल हो गए, अब्बी बी वही बात निकालती."

बद्रीनाथनं फोन ठेवला. त्यानं सगळे नकाशे बघितले, ग्रुपवर इचारलं, आन सांजच्याला बायकोला निकाल दिला.

"नको भिजवू. वादळ आंध्रातून आत येनार. चार दिवसांनी आपल्याकडं झड लागनार. मुबारकभाईला इचार, तो बी हेच सांगंल."

सत्यशीला भिंतीपाशी गेली. पलीकडं आवाज दिला, "द्वारकाक्का, तुमी घ्या पाळी. मी मागून करीन."

"काहून गं?"

"ह्यांनी सांगितलं, वादळ येनार."

"आसं व्हय," द्वारकाबाई म्हनली, आन तिनं आपले गहू भिजत घातले. तिच्याजवळ मोबाइल नव्हता म्हनून तिला कुनी अडवलं न्हाई.

मंग काय. द्वारकाबाईच्या कुरडया पडल्या त्या दिवशी असं ऊन पडलं का कुत्रं सावली सोडंना. आभाळ धुवून ठेवल्यावानी. दुपारपतुर कुरडया खडखडीत, पांढऱ्या, जशा काय जाईच्या फुलांच्या चुंबळी. सत्यशीला सावडीला गेल्ती, तिनं सोऱ्या दाबला, पसरल्या, उलथ्या केल्या, आन सगळं तोंड मिटून. द्वारकाबाईनं स्लॅबवरून खाली वट्ट्यावर बघितलं.

"ओ बद्रीभाऊ! तुमचं ते वादळ कुठवर आलं? अंबडात उतरलं का? यष्टी चुकली का काय त्याची?"

साऱ्या बाया हसल्या. बद्रीनाथनं मोबाइलमधून मान काढली न्हाई, पन कान लाल झाल्ते. वादळ समुद्रात तसंच बसलेलं, आन दुसऱ्या दिवशी उठून त्यानं उजवीकडं तोंड फिरवलं. वरच्या अंगाला. पारादीपकडं. आपल्या हिकडं त्याची शेपूट बी येनार नव्हती.

त्या सांजच्याला घरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. सत्यशीला बोलली ते एवढंच, "विहीनबाई दसमीला येनार. पाळी एकच राह्यली." आन पान्याचा तांब्या त्याच्याम्होरं ठेवला, हातात दिला न्हाई.

बद्रीनाथनं दोन भाकरी कशा तरी ढकलल्या. मंग म्हनला, "आता भिजव."

"आता?"

"आता बिलकुल भिजव. वादळ गेलं तिकडं. जाताना ढग बी वढून नेनार. आपल्याकडं साफ. ह्या खेपेला चुकलो तर मोबाइल त्या गव्हात घाल."

तिला दुसरा रस्ताच नव्हता. एकच पाळी, आन बाया रानात जायच्या. तिनं गहू काढले. गव्हावर पानी पडलं तो आवाज बद्रीनाथनं वट्ट्यावर बसून ऐकला आन पुन्हा नकाशा उघडला.

तीन दिवस साफ गेले. पानी बदललं, गहू फुगले, वाटले, चीक निवळला. कुरडयाच्या दिवशी सूर्य असा वर आला जसा बद्रीनाथनं पत्रिका देऊन बोलावल्ता. चीक हाटला, सोऱ्या फिरला, स्लॅबवर धोतरं अंथरली, आन त्याच्यावर कुरडयांच्या रांगाच्या रांगा. बाया खाली गरम चीक साखर घालून खायला बसल्या. स्लॅबवर कावळे हाकलायला कुनी तरी पाहिजे व्हतं, सत्यशीला म्हनली, "तुमी बसा वर. डोळे तर तुमचे चांगलेच हायेत."

बद्रीनाथ जिन्याच्या सावलीला बसला, मांडीवर काठी, हातात मोबाइल. अंगात नव्या नवरदेवावानी तरतरी. त्याचं ऊन पडलं व्हतं, आन तिकडं वादळ त्याच दुपारी जमिनीला लागनार व्हतं. ग्रुपवर नुसता गोंधळ. "किनारा शिवला का?" "शिवतंय, शिवतंय." "डोळा अजून पान्यात हाय." बद्रीनाथला सगळं वादळ एका नजरेत बघायचं व्हतं, शेंडीपासून शेपटापतुर, म्हनून त्यानं नकाशा बोटांनी चिमटून चिमटून बारीक केला. इतका का आख्खा समुद्र, तिकडचा किनारा, हिकडचा मुलूख, सगळं तळहातात मावलं. वादळ उजव्या कोपऱ्यात भोवऱ्यावानी फिरून राह्यलं व्हतं. डाव्या हातानं मोबाइल गच्च धरलेला. त्यानं टाकलं, "लागलं! पारादीपच्या वरच्या अंगाला." ग्रुपवर हात जोडायला सुरवात झाली.

कावळे आले न्हाईत. कावळे आपल्याआपन गेल्ते लिंबाच्या आत. ते काहून गेले हे बघायला त्यानं मान वर केली न्हाई.

मान वर करायला लावली ती द्वारकाबाईनं. तिच्या स्लॅबवरून वरडली, "ओ मंडपवाले! पारादीप सोडा आन मागं बघा!"

मागं, अंबडच्या अंगाला, आभाळ काळंनिळं झाल्तं. ढग कसला, डोंगर. खालून धुरळा उठून राह्यला व्हता, आन गार वाऱ्याची झुळूक आली ती थेट कुरडयांवरून. कडेची धोतरं फडफडली.

बद्रीनाथ उठून उभा राह्यला. हे वारं त्याच्या वळखीचं व्हतं. नवरदेवाच्या मामाचा फेटा नेनारं हेच. मंग त्यानं मोबाइल खिशात कोंबला आन जिना असा उतरला का बायांच्या हातातल्या चिकाच्या वाट्या सांडल्या.

"अहो काय झालं?"

"पाईप घ्या! सत्यशीला, मोठी ताडपत्री! कोपऱ्यातली, निळी, ती न्हाई, तिच्याखालची! द्वारकाक्का, तुमच्या टाकीचा खांब मोकळा करा!"

"माझे परकर वाळतेत त्याच्यावर!"

"परकर फेका!"

लगन न्हाई, मुहूर्त न्हाई, पन त्या दिवशी गल्लीतल्या बायांनी मंडप बांधला. बद्रीनाथ स्लॅबच्या कठड्यावर चढून दोऱ्या फेकून राह्यला व्हता आन बाया झेलून राह्यल्या. "वढ! आनिक वढ! तिरकी घे, वाऱ्याला वाट दे! कुरडईवर पाय नको!" सत्यशीलानं पाईप छातीशी धरला आन वाऱ्यानं तिला पाईपासगट हालवलं, तशी दुसऱ्या दोघी तिला येऊन बिलगल्या. बद्रीनाथनं ह्या खेपेला जमिनीत एक बी खुटी ठोकली न्हाई. एक दोरी आपल्या टाकीला, एक द्वारकाबाईच्या टाकीला, एक लिंबाला, एक जिन्याच्या लोखंडाला. आन गाठी त्याच्या जुन्याच.

शेवटली गाठ पडली आन पानी आलं. आलं म्हन्जी कोसळलं. वारं ताडपत्रीखाली शिरलं, ताडपत्री फुगली, दोऱ्या तानल्या, टाकीतून कर्र असा आवाज आला. साऱ्या बाया वर बघून राह्यल्या. सत्यशीला खाली बघून राह्यली, कुरडयांकडं. ताडपत्री वर गेली, खाली बसली, पुन्हा वर गेली. पन सुटली न्हाई.

कडेच्या रांगेतल्या काही भिजल्या, त्या तेवढ्या गेल्या. बाकी साऱ्यांवर थेंब बी न्हाई. बाया कुरडयांच्या भोवती गोल बसल्या, आंगावरून पानी गळून राह्यलेलं. आन मंग साऱ्यांच्या नजरा बद्रीनाथकडं. कुनी काय बोलायच्या आधीच त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"माझी काय चूक? हे बघ ना. हे बघ, वादळ तिकडं, पारादीपला. बराबर सांगितलं का न्हाई? आपल्याकडं ठिपका तरी दिसतो का?"

सत्यशीलानं मोबाइल बघितला. समुद्र बघितला, वादळ बघितलं. मंग म्हनली, "आपलं गाव कुठं हाय ह्याच्यात?"

"हे काय, हिकडं..." आन बद्रीनाथ उजव्या हाताचं बोट नकाशावर फिरवायला लागला.

तिनं ओल्या हातानं त्याचा डावा अंगठा धरला आन बाजूला केला. अंगठ्याखाली हरभऱ्याएवढा डाग व्हता. लाल. बराबर अंबडवर. मघापसून तिथंच वाढून राह्यला असंल, बिचारा.

"शटर गिराओ," बद्रीनाथ हळूच म्हनला.

द्वारकाबाईनं मान लांब करून बघितलं आन तिला असं हसू आलं का गुडघं धरून बसली. "आख्खा जालना जिल्हा अंगठ्याखाली घालून बसला ह्यो बाबा! कलेक्टरला बी जमलं न्हाई!" मंग साऱ्याच हसल्या. पानी पडून राह्यलेलं, ताडपत्री वाजून राह्यलेली, आन खाली बाया हसून हसून एकमेकींच्या आंगावर. सत्यशीला हसली न्हाई. तिच्या कुरडया अजून वाळायच्या व्हत्या, आन ऊन नव्हतं.

पानी थांबलं तरी आभाळ तसंच राह्यलं. चिकाचा जरासा आंबूस वास यायला लागला. सत्यशीला एक कुरडई बोटानं दाबून बघायची, दुसरी दाबायची. बद्रीनाथ जिन्यात उभा, आन त्याला मागच्या सालची विहीनबाई दिसून राह्यली व्हती, कुरडई उचलून धरलेली. मंग एकदम खाली गेला. वर आला तो लग्नातला एक पंखा खांद्यावर घेऊन. तो ठेवला आन दुसरा आनायला गेला. मंग तिसरा. वायर वढली, लांबून लावले, मंद ठेवले, कुरडया उडू नये म्हनून.

"लग्नात आठशे मानसाला वारं घालतेत हे," म्हनला. "कुरडयाला न्हाई घालनार?"

सांजपतुर त्या मंडपात पंखे चालू. गल्लीतून जानारे वर बघायचे आन इचारायचे, "काय हो, धोंड्यात कुनाचं लगन?" द्वारकाबाई वरून उत्तर द्यायची, "कुरडयांचं! या, अक्षता टाका!" दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, आन त्या उन्हात राह्यलेला वलावा बी गेला. सावलीत, वाऱ्यावर सावकाश वाळल्या म्हनून का काय, पन कुरडया अशा पांढऱ्या झाल्या का द्वारकाबाईनं आपली एक आनून शेजारी ठेवली आन गुपचूप परत नेली.

बद्रीनाथनं ग्रुपवर फोटू टाकला. मुबारकभाईनं हात जोडले, आन मंग लिहिलं, "पन भाऊ, आपल्याकडं पाऊस कधी झाला? हम सब तो पारादीप में थे."

दसमीला जावई आला, विहीनबाई आल्या. धोंडे झाले, तूप झालं, आन सत्यशीलानं तळलेली कुरडई विहीनबाईच्या ताटात ठेवली. ठेवली आन सरकलीच न्हाई, तिथंच उभी. बद्रीनाथ बी दारात उभा, हातात पान्याचा जग, पानी कुनालाच वाढत न्हाई.

विहीनबाईनं कुरडई उचलली. उजेडाला धरली. फिरवून बघितली.

"लई पांढऱ्या हायेत हो," म्हनली. "इकत आनल्या का?"

आकांक्षानं तोंडाला पदर लावला. सत्यशीलाचा चेहरा असा झाला का आता काय बोलती न काय न्हाई. वरीसभर ज्या कुरडईसाठी जीव टाकला, ती झाली तर इकतची. तवर बद्रीनाथ जगासगट पुढं आला.

"इकतच्या न्हाईत, ताई. मंडप घालून केल्यात. ह्यांच्यावर पंखे बी व्हते. तुमच्या लेकाच्या लग्नात व्हते तेच."

जावई हसला आन त्यानं आनिक एक मागितली. मंग विहीनबाईनं बी दुसरी घेतली, आन जाताना पिशवीत भरून नेल्या. पिशवी भरताना मातर इकतच्या का घरच्या ते काय इचारलं न्हाई.

पाव्हने गेल्यावर बद्रीनाथ पुन्हा वट्ट्यावर. समुद्रात आता काय नव्हतं, ग्रुप गप पडल्ता, नारळवाला नुसता देवाचं नाव टाकून राह्यला व्हता. बद्रीनाथनं मोबाइल उजव्या हातात धरायची सवय लावली व्हती. जालन्यावर आता काहीच येत नव्हतं; अंगठा पारादीपवर पडायचा.

सत्यशीला दारात आली. लिंबाकडं बघितलं.

"अहो, ऐकलं का? आकांक्षाच्या सासूनं खारोड्या मागितल्यात. बाजरी भिजवू का?"

बद्रीनाथ ताठ झाला. चष्मा पुसला. "थांब, बघून सांगतो," म्हनला, आन नकाशा उघडला. आधी समुद्र बघितला, मंग आठवन आली तशी बोटांनी गाव मोठं केलं, अंबड बघितलं, परतूर बघितलं, आन हळूच मान वर करून आभाळ बी बघितलं.

"भिजव," म्हनला. "हरकत न्हाई."

तिच्या हाताला कोपरापतुर पानी व्हतं. आत पातेल्यात बाजरी भिजून फुगून बसल्ती.

"बरं," ती म्हनली. "आन ती निळी ताडपत्री वर नेऊन ठेवा."